घरामागचा डोंगर

एका वाचक-गृहस्थांचें पत्र समोर आहे. ते लिहितात, "आमचें कुटुंब अकरा माणसांचें. सर्वांत धाकटा सहा वर्षांचा, सर्वांत वडील आजी पंच्याहत्तरीच्या. सुट्टींत सर्वांनीं मिळून एखाद्या डोंगरावर जावें असें मुलांच्या मनांत आहे. तरुण मंडळी कठीण कठीण नांवें सुचवितात. त्या डोंगरावर आजींना जमणार नाहीं. आजी घरीं म्हणून त्यांच्या सोबतीस सूनबाई घरीं. आणि आई घरीं म्हणून धाकटा घरीं. तेव्हां सर्वांस झेपेल, फार वेळ घेणार नाहीं, आणि वर पोहोंचल्यावर आलों तें बरें केलें असें वाटेल, असें एखादें स्थळ सुचवाल काय?"

ही साखळी त्यांनीं सहज लिहिली असेल. परंतु प्रश्नाचें मर्म तिच्यांतच आहे. घरांतील एक माणूस मागें राहिलें कीं तिघें मागें राहतात, आणि तीं तिघें कोण याचें उत्तर बहुधा ठरलेलें असतें. म्हणून स्थळ सुचविण्यापूर्वीं एक अट घालतों. घरास कुलूप लावून निघावयाचें. 'घरीं कोणीतरी असलें पाहिजे' हें वाक्य त्या दिवसापुरतें उच्चारूं नये. चोरास आमंत्रण कशाला, असें कोणी म्हणेल; तर शेजाऱ्यास सांगून जावें, शेजारी त्यासाठींच असतात.

आतां स्थळ. माझें उत्तर साताऱ्याच्या बाहेर जात नाहीं, आणि यास कोणीं पक्षपात म्हणूं नये. म्हटला तरी चालेल. अजिंक्यतारा हें तें स्थळ. साताऱ्यास येऊन लोक कासचें पठार पाहतात, ठोसेघरचा धबधबा पाहतात, सज्जनगडास जाऊन समर्थांचें दर्शन घेतात आणि प्रसाद घेऊन परततात. अजिंक्यतारा त्यांस गाडीच्या खिडकींतून दिसतो. शहराच्या डोक्यावरच तो असल्यामुळें तो पाहिल्यासारखाच वाटतो. जें उठतां बसतां दिसतें तें पाहावयाचें राहून जातें.

किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारें ३३०० फूट उंच आहे. आंकडा ऐकून आजींनीं घाबरूं नये. सातारा शहरच मुळीं चोवीसशे फुटांच्या आसपास वसलेलें असल्यामुळें प्रत्यक्ष चढण उरते ती नऊशे फुटांच्या घरांतली. अदालतवाड्याच्या अंगानें गडाच्या रस्त्यास लागावें. दुसरी वाट गोडोलीकडून येते. रस्ता वळणें घेत घेत दरवाज्यापर्यंत नेतो. तरुणांस अर्धा-पाऊण तास पुरतो. लहानथोर मंडळी बरोबर असल्यास एक तास धरावा. मोटार दरवाज्याजवळ जाऊं शकते, म्हणून ज्यांचे गुडघे अगदींच राजी नसतील त्यांस वर सोडून येतां येतें. परंतु माझी सूचना अशी कीं, त्यांनींही शेवटचीं दोन वळणें पायीं चालावींत. पायीं चालून दरवाजा दिसणें आणि मोटारींतून उतरून दरवाजा दिसणें, यांत अंतर आहे.

किती वेगानें चालावें, हें विचारणारे पुष्कळ. अलीकडे मनगटावर पावलें व नाडीचे ठोके मोजणारीं यंत्रें आलीं आहेत. नातवंडें तीं मला दाखवितात आणि मी कौतुकानें पाहतों. पण माझें माप जुनें आहे. चालतां चालतां अथर्वशीर्ष म्हणतां आलें पाहिजे. शब्द तुटूं लागले तर वेग अधिक होत आहे. थांबावें, वळून खालीं पाहावें, श्वास जागेवर आला कीं पुढें निघावें. ज्यांना अथर्वशीर्ष येत नसेल त्यांनीं गप्पा माराव्या, परिणाम तोच. छातींत दुखूं लागल्यास किंवा चक्कर आल्यास मात्र पाठ म्हणत बसूं नये, तेथूनच परतावें आणि वैद्यास गांठावें. ज्यांस हृदयविकार आहे त्यांनीं निघण्यापूर्वींच डॉक्टरांस विचारावें.

चढणीची भीति सर्वांस वाटते. उतरणीची कोणासच वाटत नाहीं. वस्तुतः गुडघ्यांवर भार येतो तो उतरतांना. वर जातांना मांड्या काम करतात व दम लागतो, पण दम हा थांबलें कीं परत मिळतो. उतरतांना प्रत्येक पावलागणिक शरीराचें वजन गुडघ्यावर आदळतें. म्हणून काठी न्यावयाची ती चढण्याकरितां नव्हे, उतरण्याकरितां. पावलें आंखूड टाकावींत, गुडघे किंचित् वांकवलेले असावे, आणि धाकट्या मंडळींस 'धांवूं नका' असें एकदांच, पण पहिल्या वळणावरच सांगावें.

चढतांना उजव्या-डाव्या हातास कापलेला खडक दिसेल. त्याचे थर नीट पाहावे. हा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा आहे. सुमारें सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीं भूमीस भेगा पडून तप्त रस पुनः पुनः वाहिला आणि एकावर एक थिजत गेला. सह्याद्रीचा बहुतेक भाग त्याचाच. कठीण थर उभे राहतात, मऊ थर झिजतात, म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. भूगर्भशास्त्रज्ञ या खडकास ट्रॅप म्हणतात, आणि तो शब्द स्वीडनच्या भाषेंतील 'जिना' या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. तेव्हां जिन्याचा कंटाळा करणाऱ्या मुलांस सांगावें, बाळांनो, हा सबंध महाराष्ट्रच जिन्यावर वसलेला आहे.

दरवाज्याशीं आल्यावर दहा मिनिटें बसावें. गडाचे येथें दोन दरवाजे आहेत. पहिल्याचे दोन्ही बुरुज अद्याप चांगल्या स्थितींत आहेत. आंत शिरतांच मारुतीचें देऊळ, पुढें महादेवाचें. त्यापुढें प्रसारभारतीचें कार्यालय आणि उंच मनोरे; इतिहासाचार्यांस ते खुपतात, मला विशेष खुपत नाहींत. किल्ला हा पूर्वींही संदेश देण्याघेण्याचेंच स्थान होता. पुढें गेल्यावर ताराबाईंच्या वाड्याचे म्हणून अवशेष दाखवितात, आणि टोकास मंगळाईचें देऊळ व त्याच नांवाचा बुरुज आहे. दक्षिणेकडेही दोन दरवाजे आहेत, पण तिकडे गर्दी नाहीं. वर तळीं आहेत. उन्हाळ्यांत तीं आटतात, तेव्हां पिण्याचें पाणी आपलें आपण न्यावें.

गडाचा इतिहास सांगावयाचा तर हा सबंध अंक पुरणार नाहीं. बांधला तो शिलाहार राजा दुसरा भोज यानें असें मानतात. शिवछत्रपतींकडे तो १६७३ सालीं आला. त्यापुढील एकच प्रसंग सांगतों, कारण तो जागेवर उभें राहून सांगण्यासारखा आहे, आणि मुलें तो दोनदां ऐकतात.

डिसेंबर १६९९ मध्यें औरंगजेब स्वतः साताऱ्यास वेढा घालून बसला. त्याचा तळ उत्तरेस करंज्यास पडला. आज करंजें हें शहराचाच एक भाग आहे, वरून घरांच्या दाटींत ओळखावें लागतें. पश्चिमेस शहाजादा आज्जम होता; त्याच्या तळाच्या जागेस पुढें शहापूर नांव पडलें. गडावर किल्लेदार प्रयागजी प्रभु. दाणागोटा पुरेसा नव्हता. परळीच्या किल्ल्यावरून, म्हणजे आजच्या सज्जनगडावरून, परशुराम त्रिंबक यांनीं रसद पोहोंचविण्याची व्यवस्था चालविली, आणि ग्रँट डफ लिहितो कीं, खुद्द आज्जमाशीं संधान बांधून ती पोहोंचविली. चार महिने गेले. मग मोंगलांनीं तटाखालीं सुरुंग खणले. १३ एप्रिल १७०० रोजीं पहिला उडाला तेव्हां तटाचा भाग आंत कोसळला व गडावरील माणसें गाडलीं गेलीं. दुसरा उडाला तो उलटा. धोंडे, माती, सर्व कांहीं बाहेर, हल्ल्यास सज्ज उभ्या असलेल्या मोंगली फौजेवर कोसळलें आणि शेंकडों लोक क्षणांत ठार झाले. डफ हा आंकडा दोन हजारांच्या वर देतो. प्रयागजी पहिल्या स्फोटांत देवीच्या देवळाजवळ ढिगाऱ्याखालीं गाडले गेले होते. ते जिवंत निघाले, आणि लोकांनीं त्यास शुभशकुन मानलें.

परंतु महिन्यापूर्वींच सिंहगडावर राजाराम महाराजांचें देहावसान झालें होतें, अन्न संपत आलें होतें, आणि २१ एप्रिलास किल्ला खालीं झाला. बादशहानें त्याचें नांव आज्जमतारा ठेविलें. कांहीं वर्षांनीं ताराबाईंनीं तो परत घेतला व अजिंक्यतारा म्हटला. एका वेळीं पडलेल्या किल्ल्यास अजिंक्य म्हणावें कसें, असा प्रश्न आमच्या एका विद्यार्थ्यानें वर्गांत विचारला होता. मीं त्यास व्याकरणाचें उत्तर दिलें: 'अजिंक्य' म्हणजे जिंकला न गेलेला नव्हे, जिंकतां न येण्याजोगा. तो म्हणाला, "मग तर आणखीच चूक." वर्ग हंसला, मीही हंसलों. पण त्या मुलास ताराबाईंचें वय सांगितलें तेव्हां तो गप्प झाला. नवरा गेला त्या वेळीं त्यांची पंचविशीही उलटली नव्हती. समोर औरंगजेब होता. नांव ठेवण्याचा अधिकार ज्यानें त्यानें आपल्या धैर्याप्रमाणें वापरावा. पुढें याच बाईंनीं १७५० सालीं याच गडावर रामराजांस अटकेंत ठेविलें हेंही खरें. थोर माणसें सर्वकाळ सोयीचीं नसतात.

आतां ज्यासाठीं वर आलों तें पाहूं. मंगळाईच्या बुरुजाकडून निघून तटाच्या कडेनें सावकाश एक फेरी घालावी. पूर्वेकडे जरंडेश्वराचा डोंगर. हनुमंतानें द्रोणगिरि नेतांना त्याचा एक तुकडा येथें पडला अशी कथा आहे. ईशान्येकडे चंदन-वंदन हे जुळे, आणि नांदगिरी ऊर्फ कल्याणगड. पश्चिमेस यवतेश्वराचें सपाट पठार, आणि त्याच्याही मागें कास, ज्याची गणना २०१२ पासून जागतिक वारशांत होते. नैर्ऋत्येस सज्जनगड. हवा स्वच्छ असेल तर त्याच्या माथ्यावरील घरें मोजतां येतात. समर्थांनीं शके १६०३ मध्यें तेथेंच देह ठेविला. उत्तरेकडे पायाखालीं सारें शहर पसरलेलें असतें.

शहराच्या पलीकडे वेण्णा आहे. तिच्यामागून दृष्टि पूर्वेकडे नेली कीं माहुलीच्या बाजूस ती कृष्णेस मिळते. या दोघींची हकीकत मुलांस येथें अवश्य सांगावी. दोघी महाबळेश्वरच्या. एकाच माथ्यावरून निघून एक वांईच्या खोऱ्यांत उतरली, दुसरी मेढ्याच्या. मध्यें डोंगराची धार. इतकें अंतर दोघी एकमेकींस न दिसतां चालतात आणि माहुलीस येऊन भेटतात. तिसरी कोयना, ती त्याहून लांबून दक्षिणेकडे जाते आणि कराडास येऊन कृष्णेच्या गळ्यांत पडते. सावित्री मात्र पश्चिमेकडे कोंकणांत दिली गेली. ती पुन्हां आली नाहीं. आमच्या घरांतील स्त्रियांस हा भूगोल एकदां सांगून पुरतो. त्यांस तो समजावून द्यावा लागत नाहीं.

येथें आमच्या थोरल्या वहिनींची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. त्यांचें वय एकाहत्तर. पन्नासांहून अधिक वर्षें त्या साताऱ्यांत, गडाच्या पायथ्याशीं असलेल्या आमच्या घरांत आहेत. गडावर त्या पूर्वीं दोनदां गेल्या होत्या, दोन्ही वेळीं नवरात्रांत, मंगळाईची ओटी भरावयास. एकदां कडेवर मूल होतें व एकदां हातांत नैवेद्याचें ताट. परतून अकरा पानें वाढावयाचीं होतीं. देवीचें दर्शन झालें, पण डोंगर पाहावयाचा राहिला.

गेल्या मार्गशीर्षांत पुण्यामुंबईची मुलें जमलीं असतां गडावर जाण्याचें ठरलें. अर्थात् वहिनी म्हणाल्या, "तुम्ही जा, मी घरीं राहतें. कोणीतरी राहिलें पाहिजे." मीं कुलूप व किल्ली त्यांच्या पुढ्यांत ठेविली आणि म्हटलें, "वहिनी, कुलूप तुम्हींच लावायचें." त्या कांहीं बोलल्या नाहींत; पायांत चपला होत्या त्या काढून धाकट्या सुनेचे कापडी बूट घातले.

त्या वर्षीं घरांत एक विषय होता, त्याचें नांव कोणी घेत नसे. आमचें जुनें कौलारू घर पाडून तेथें चौमजली इमारत व्हावयाची ठरली आहे. भावांचे गाळे वेगळे, चुली वेगळ्या. कागद झाले, सह्या झाल्या. भांडण झालें नाहीं हें देवाचें देणें. परंतु न झालेल्या भांडणाचेंही एक ओझें असतें, तें घरांत सर्वत्र होतें. वहिनींनींही सही केली. कोठें करूं एवढेंच त्यांनीं विचारलें. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून तळमजला त्यांचा, हें सर्वांनीं धरूनच ठेविलें होतें.

दीड तास लागला. चार वेळां थांबलों. तटाशीं पोहोंचल्यावर सर्व मंडळी छायाचित्रें काढण्यांत गुंतली आणि वहिनी एकट्याच खालीं पाहत उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानें म्हणाल्या, "भाऊजी, यांत आपलें घर कोणतें?"

पन्नास वर्षें ज्या अंगणांतून त्यांनीं हा डोंगर पाहिला होता, तें अंगण डोंगरावरून त्यांनीं कधीं पाहिलें नव्हतें. मी शोधूं लागलों. सिमेंटच्या इमारतींच्या गर्दींत तें सांपडेना. अखेर त्यांनाच सांपडलें, परसांतील फणसाच्या झाडावरून. तळहाताएवढी तांबूस कौलांची एक चौकट, मध्यें काळा ठिपका म्हणजे चौक.

"एवढ्याशांत आपण सतरा माणसें राहत होतों?" त्या म्हणाल्या. मग डोळे बारीक करून, "न्हाणीवरचीं कौलें शाकारायचीं राहिलीं आहेत."

पुतण्या जवळ होता. तो म्हणाला, "मोठी आई, आतां कशाला शाकारायचीं? पाडायचेंच आहे ना?"

"पाडीपर्यंत पाऊस यायचा नाहीं कीं काय?"

यावर कोण काय बोलणार! उतरतांना त्यांचा हात माझ्या कुटुंबाच्या हातांत होता. तिसऱ्या वळणावर त्या थांबल्या आणि सहज, भाजीचा भाव सांगावा तशा म्हणाल्या, "मला तळमजला नको. सर्वांत वरचा द्या. डोंगराकडचा." लिफ्ट असणारच आहे, तेव्हां गुडघ्यांचा प्रश्न नव्हता, प्रश्न एवढाच होता कीं त्यांना तो कोणीं विचारला नव्हता. धाकट्या भावाच्या मुलानें तो मजला आपल्यासाठीं मनांत योजलेला होता. त्यानें त्याच वळणावर "बरें, मोठी आई" म्हटलें. मला त्याचा अभिमान वाटला. वैशाखांत न्हाणीवरचीं कौलेंही शाकारलीं.

खालीं बसून वर्षभर जें बोललें गेलें नाहीं तें त्या वळणावर बोललें गेलें, याचें कारण शास्त्रीय रीतीनें मला सांगतां येणार नाहीं. चालतांना माणसें एकमेकांच्या तोंडाकडे पाहत नाहींत, वाटेकडे पाहतात. कदाचित् त्यामुळें असेल. माजघरांत समोरासमोर बसून जें अवघड होतें तें शेजारीं चालतांना हलकें होतें. म्हणून पत्रलेखक गृहस्थांस सुचवितों कीं, अकरा माणसांनीं एका घोळक्यानें चालूं नये. दोन दोन, तीन तीन अशीं चालावें, आणि प्रत्येक विसाव्यास जोड्या बदलाव्या. सासूबरोबर सून चालली तर मधल्या वळणापर्यंत आपण कान देऊं नये.

न्याहारीचा प्रश्न उरतो, आणि तो क्षुल्लक नाहीं. सहलीचा दिवस उजाडतांच चार वाजतां चूल पेटवून घरांतील स्त्रियांनीं डबे भरावयाचे, आणि गडावर पुरुषांनीं ते उघडून 'वा!' म्हणावयाचें, ही रीत मला पसंत नाहीं. आदल्या सायंकाळीं सर्वांनीं मिळून दशम्या व चटणी करून ठेवावी. केळीं व शेंगदाणे-गूळ बरोबर असावा. परतल्यावर पोहे पुरुषांनीं करावे. गड चढण्यापेक्षां तें काम सोपें आहे, असें मी अनुभवानें सांगतों. माझ्या पोह्यांविषयीं घरचें मत निराळें आहे.

ऋतु कोणता? श्रावणाच्या अखेरीपासून कार्तिकापर्यंत गड हिरवा असतो. उतारावर तेरडा व सोनकी फुललेली आढळते. ऐन पावसांत धुकें दाटतें तेव्हां हात लांब केला तर बोटें दिसत नाहींत. दगडांवर शेवाळें असतें, वृद्धांनीं त्या दिवसांत जाऊं नये. मार्गशीर्ष-पौषांतील सकाळ सर्वांत उत्तम, हवा निवळ व दूरचे डोंगर स्पष्ट. चैत्रवैशाखांत जावयाचें तर सूर्योदयाच्या वेळीं वर असावें व नऊपूर्वीं खालीं. गवतांत हात-पाय घालूं नये, फुरशासारखे सर्प आपल्या डोंगरांत असतात. कड्याकपारींत मधमाश्यांचीं पोळीं असूं शकतात. तेथें धूर, अत्तराचे फवारे व आरडाओरड टाळावी. वाळल्या गवताच्या दिवसांत विडी-सिगारेटची एक ठिणगी सबंध उतार जाळते, आणि त्या वणव्यांत पक्ष्यांचीं घरटीं, कोंवळीं रोपें, सारीं जातात. आपल्या पिशव्या, बाटल्या आपल्याबरोबर खालीं आणाव्या हें सुशिक्षित वाचकांस सांगावें लागूं नये. परंतु तटाखालीं डोकावलें कीं सांगावें लागतें असें दिसतें.

आतां एक मास्तरी विषय, आणि आवरतें घेतों. गडावर नातवानें मला विचारलें, "आजोबा, आपण आतां टॉपवर आहों ना?" मीं म्हटलें, "होय, पण टॉपला आपल्याकडे किती शब्द आहेत ठाऊक आहे?" पाणिनीनें 'उप' व 'अधि' या दोन उपसर्गांस एकच प्रत्यय लावून दोन शब्द सिद्ध केले आहेत: डोंगराच्या जवळची, पायथ्याची भूमि ती उपत्यका, आणि डोंगरावरची ती अधित्यका. सातारा शहर उपत्यकेवर व आपण अधित्यकेवर. अमरकोशांत डोंगराच्या भागांची स्वतंत्र यादीच आहे; सानु, प्रस्थ, कटक, नितंब हे त्यांतलेच. सैन्याच्या छावणीस 'कटक' म्हणतात आणि डोंगराच्या मध्यभागासही. औरंगजेबाचें कटक या डोंगराच्या कटकास भिडलें, असा श्लेष मुलांस फार आवडतो.

परंतु संस्कृताहूनही मला आपल्या शेतकऱ्या-धनगरांच्या तोंडच्या शब्दांचें अधिक नवल वाटतें. पायथा, पदर, सोंड, धार, खिंड, नाळ, घळ, कडा, माची, माथा, सुळका, टेंबा, सडा. यांतील एकही शब्द दुसऱ्याचें काम करीत नाहीं. धार वेगळी, सोंड वेगळी. खिंडींतून पलीकडे जातां येतें, घळींतून येतेंच असें नाहीं. नातवानें उतरतांना प्रत्येक ठिकाणीं बोट दाखवून शब्द विचारला. कांहीं मला आले, तीन ठिकाणीं एका गुराख्यास विचारले, आणि त्यानें सांगितलेला एक शब्द कोणत्याही कोशांत मला मिळाला नाहीं. डोंगराचा जो चिंचोळा, गवताळ कट्टा दोन कड्यांमध्यें आडवा जातो, त्याला आपल्या गांवीं काय म्हणतात, हें वाचकांनीं कृपया कळवावें. गांवाचें व तालुक्याचें नांव सोबत लिहावें. पुरेसे शब्द जमले तर पौषाच्या अंकांत त्यांची यादी देतां येईल.